*पावसाळी सल्ला : रानातली छत्री आणि 'मायसेटिझम'*



पाऊस झाला की बांधावर, शेणखताच्या ढिगाजवळ, उसाच्या पाचटात छत्र्या उगवतात. कोणी अळिंबी म्हणतं, कोणी भूछत्र, कोणी कुत्र्याची छत्री. "फोटो पाठवतो, खायला चालेल का सांगा," असे मेसेज या दिवसांत येतात. उत्तर सगळ्यांना एकच: फोटोवरून खात्रीनं सांगता येत नाही. खात्री नाही तर खाऊ नका.

*मायसेटिझम म्हणजे काय?*
विषारी अळिंबी खाल्ल्यानं होणाऱ्या विषबाधेला वैद्यकीय भाषेत मायसेटिझम म्हणतात. ग्रीक भाषेत 'मायकेस' म्हणजे अळिंबी, त्यावरून हा शब्द आला. शिळ्या अन्नाच्या बाधेपेक्षा ही वेगळी. इथं विष अळिंबीच्या अंगातच असतं, त्यामुळं ताजी, स्वच्छ धुतलेली भाजीसुद्धा घात करते.

*दोन प्रकार लक्षात ठेवा*
१) *लवकर त्रास देणारी:* खाल्ल्यावर साधारण १ ते ३ तासांत उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. गवतात, कुरणात उगवणारी मोठी पांढरी छत्री, जिच्या खालच्या पाकळ्या पुढं हिरवट होतात, ती या प्रकारातली.
२) *उशिरा त्रास देणारी:* ही जीवघेणी. अमानिटा गटातल्या काही जातींत अमाटॉक्सिन हे विष असतं. ६ ते २४ तास काहीच होत नाही. मग जोरात उलट्या-जुलाब होतात. दुसऱ्या दिवशी थोडं बरं वाटतं आणि माणूस घरी जातो. पण तेव्हाच आतून लिव्हरच्या पेशी मरत असतात. तिसऱ्या दिवसापासून कावीळ, मग लिव्हर बंद पडतं. म्हणून *"आता बरं वाटतंय" यावर विसंबू नका.*

एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळिंबी खाऊन १३ जण गेले. त्यात बरीचशी चहामळ्यातली कामगार कुटुंबं होती. दिब्रुगडच्या आसाम मेडिकल कॉलेजात त्यांच्यावर उपचार झाले.

*या समजुती सोडा*
❌ "शिजवली की विष जातं." अमाटॉक्सिन उकळून, तळून, वाळवून जात नाही.
❌ "चांदीचं नाणं किंवा लसूण काळा पडला तरच विषारी." या परीक्षेला काही आधार नाही.
❌ "किड्यानं, गोगलगायीनं खाल्ली म्हणजे चांगली." त्यांना जे पचतं ते आपल्याला पचेलच असं नाही.
❌ "चव चांगली होती." विषारी अळिंबीही चवीला चांगली लागू शकते.

*आपल्या मजुरांनाही सांगा*
वाघोली, केसनंद, लोणीकंद भागात बाहेरगावची बरीच कुटुंबं कामाला आहेत. गावाकडं ती पिढ्यान्‌पिढ्या रानभाजी ओळखून खातात. पण इथं तशीच दिसणारी छत्री वेगळ्या जातीची असू शकते. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत आशियातून गेलेल्या लोकांनी विषारी अमानिटा ही आपल्या भाताच्या पेंढ्यावरची अळिंबी समजून खाल्ली आणि जीव गमावले. मुकादमाला आणि मजुरांच्या घरच्या बायकांना हा मेसेज वाचून दाखवा.

*खाल्लीच असेल तर*
✅ त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या दवाखान्यात जा.
✅ त्याच ताटातलं ज्यांनी ज्यांनी खाल्लं, त्या *सगळ्यांना* न्या. लहान मुलांना आधी.
✅ किती वाजता खाल्लं आणि त्रास किती वाजता सुरू झाला, हे लिहून न्या. डॉक्टरांना यावरून मोठी मदत होते.
✅ उरलेली भाजी आणि कच्ची अळिंबी बुडख्यासकट कागदात गुंडाळून बरोबर न्या.
✅ दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र, टोल फ्री: १८०० ११६ ११७.
❌ मिठाचं पाणी, तेल, दूध पाजून घरी उलटी काढू नका.

*अळिंबी पिकवणाऱ्या सभासदांसाठी*
धिंगरीच्या बेडवर कधी कधी दुसरीच बारीक छत्री येते, जी वितळून काळी शाई होते. ती काढून लांब टाका, मालात येऊ देऊ नका. स्पॉन खात्रीच्या ठिकाणचंच घ्या. बांधावरची अळिंबी पाकिटात मिसळून विकू नका. एका घरात विषबाधा झाली तर आपल्या सगळ्यांच्या मालावरचा विश्वास जाईल. शंका असेल तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी संशोधन प्रकल्पात विचारा.

अळिंबी खायची हौस असेल तर लागवडीची बटण किंवा धिंगरी खा. रानातली रानातच राहू द्या. मेसेज घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

आपला कृषी सल्लागार,
शेतकरी उत्पादक कंपनी, वाघोली