बोपदेव घाट आणि विजेवरची गाडी

विजेवरच्या स्कूटरबद्दल मला कोणी ना कोणी रोज विचारतं. सिग्नलला विचारतात, भाजीच्या गाड्याशी विचारतात, शाळेच्या फाटकाशी पालक विचारतात. "मॅडम, किती पळते हो?" हा पहिला प्रश्न आणि "बॅटरी गेली तर?" हा दुसरा. मी राहते पुण्यात, बिबवेवाडीला, आणि शिकवते सासवडला. खडी मशीन चौक, येवलेवाडी, बोपदेव घाट, भिवरी, चांबळी असा माझा रस्ता, एका बाजूला साधारण पंचवीस किलोमीटरचा. त्या रस्त्यावर ऊन, पाऊस, थंडी सगळं या गाडीवर बघून झालं आहे. विचारणाऱ्यांना उभ्या उभ्या जे पुरतं सांगता येत नाही, ते इथे लिहिते.

१. आधी सॉकेट, मग गाडी.

शोरूममध्ये रंग दाखवतात, डिकी उघडून दाखवतात, स्क्रीनवरचा नकाशा दाखवतात. गाडी रात्री कुठे लावणार आणि तिथे वीज कुठून येणार, हे मला एकाही ठिकाणी कोणी विचारलं नाही. माझ्या मते सगळं काही त्यावरच ठरतं. बंगल्यात राहणाऱ्यांचा प्रश्न सोपा आहे. आपण बहुतेक जण फ्लॅटमध्ये राहतो, आणि गाडी खाली, मीटर जिन्याखाली, घर तिसऱ्या मजल्यावर अशी स्थिती असते.

आमच्या सेक्रेटरी काकांनी पहिल्यांदा स्पष्ट नकार दिला. "आज तुम्ही, उद्या बारा जण येतील. लोडचं काय?" त्यांची शंका रास्त होती, म्हणून मी आकडे घेऊन पुन्हा गेले. घरातला गिझर दोन हजार वॉट ओढतो. माझ्या स्कूटरचा चार्जर साडेसातशे वॉटचा आहे, आणि तो चालतो रात्री, जेव्हा लिफ्ट आणि पाण्याचा पंप जवळजवळ थांबलेले असतात. वीज माझ्याच मीटरवरून घेणार, सोसायटीच्या बिलात एक पैसाही येणार नाही, हेही लेखी दिलं. मग परवानगी मिळाली. वायरमनने मीटर बोर्डापासून माझ्या जागेपर्यंत पाइपातून जाड वायर आणली, पंधरा अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग दिलं, वर पावसाच्या उडत्या पाण्यापासून बचाव म्हणून झाकणाची पेटी बसवली. हे काम ओळखीच्या, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. खिडकीतून खाली सोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावणं धोक्याचं आहे. चार-पाच तास सलग वीज ओढली जाते तेव्हा सैल जोड तापतो, प्लग वितळतो, आणि हे सगळं आपण झोपलेलो असताना होतं.

ज्यांना खाली वीज मिळणारच नाही, त्यांनी बॅटरी काढून वर नेता येईल अशी गाडी बघावी. पण शोरूममध्ये ती बॅटरी एकदा हातात उचलून, जिना चढून बघावा. वजन कागदावर वाचून कळत नाही.

२. जाहिरातीतला आकडा तुमच्या रस्त्याचा नसतो.

कंपन्या जी रेंज छापतात ती ठरावीक चाचणीतली असते. तिथे वेग ठरलेला, चढ नाही, मागे कोणी बसलेलं नाही, समोरून पुरंदरचा वारा नाही. रोजच्या वापरात त्यातला तीस टक्के आकडा मी कायम वजा धरते. म्हणजे दीडशे लिहिलं असेल तर शंभर-एकशे पाच. गाडी घेताना हिशोब सरासरी दिवसाचा करू नये, सर्वांत वाईट दिवसाचा करावा: पाऊस आहे, मागे सहशिक्षिका बसली आहे, येताना कोंढव्यात कोंडी लागली आहे आणि वाटेत औषधं घ्यायला वळायचं आहे. त्या दिवशीसुद्धा घरी पोचताना वीस टक्के उरले पाहिजेत. माझं रोजचं येणं-जाणं पन्नास किलोमीटर आहे, म्हणून मी तीन युनिट साठवणारी बॅटरी घेतली. शहरातल्या शहरात पंधरा-वीस किलोमीटर फिरणाऱ्याने याहून मोठ्या बॅटरीसाठी जास्तीचे पैसे घालू नयेत.

३. घाट वाटतो तेवढी बॅटरी खात नाही.

याची भीती सगळ्यांत जास्त असते, म्हणून सविस्तर सांगते. गाडी आणि मी मिळून १८० किलो धरा. हे वजन २०० मीटर उंच चढवायला लागणारी ऊर्जा गणिताने काढली तर जवळपास एक दशांश युनिट येते. मोटरमधली घट धरली तरी सपाट रस्त्यावरच्या चार-पाच किलोमीटरएवढाच तो खर्च आहे. नववीच्या वर्गाला मी हे उदाहरण फळ्यावर घालते आणि मुलं दुसऱ्या दिवशी आपापल्या वडिलांच्या गाडीचं गणित करून आणतात. घाटात टक्के भराभर उतरताना दिसतात ते चढ थोड्या अंतरात एकवटलेला असतो म्हणून.

खरी बॅटरी खातो तो वेग. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. भिवरीच्या पुढे रस्ता मोकळा मिळतो, गाडी सत्तरला सहज जाते, आणि तिथेच टक्के घाटापेक्षा जास्त जातात. पंचेचाळीसच्या आसपास ठेवली तर शाळेत पोचायला काही मिनिटं जास्त लागतात आणि संध्याकाळच्या परतीची काळजी राहत नाही. घाटात सूर्य मावळल्यावर बंद गाडीजवळ उभं राहण्याची वेळ कोणावर येऊ नये, विशेषतः एकट्या बाईवर.

४. उतारावर उतरायचं असेल तर वरच्या गावात बॅटरी शंभर टक्के भरू नका.

हे मला कोणत्याही माहितीपुस्तिकेत ठळकपणे लिहिलेलं दिसलं नाही, पण घाटात राहणाऱ्या-फिरणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. अॅक्सिलरेटर सोडला की मोटर उलटी जनित्रासारखी चालते, थोडी वीज बॅटरीत परत टाकते आणि गाडीला आवर घालते. उतारावर या आवरामुळे ब्रेकवरचा ताण पुष्कळ कमी होतो. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागा नसते, म्हणून ही सोय दुबळी होते किंवा बंदच राहते. मग बोपदेवची सगळी वळणं नुसत्या ब्रेकवर उतरावी लागतात. शाळेत चार्जिंग करायचंच असेल तर मी नव्वदच्या आत थांबवते. परतलेल्या विजेने बॅटरी पुन्हा भरेल अशी आशा मात्र ठेवू नये. हातात येतात दोन-तीन टक्के. या सोयीचा मोठा फायदा सुरक्षिततेचा आहे.

५. बॅटरीला उष्णता सोसत नाही.

लिथियम बॅटरीचं आयुष्य दोन टोकांना आणि उन्हात झिजतं. रोज वीस ते ऐंशीच्या मध्ये ठेवलेली बॅटरी जास्त टिकते. एप्रिल-मेमध्ये घाट चढून आल्या आल्या चार्जरला लावत नाही, तासभर सावलीत निवू देते. जेवणं आवरल्यावर लावते. मेच्या सुट्टीत गावी जाताना बॅटरी निम्म्याच्या थोडी वर ठेवून जावं. पूर्ण भरून ठेवणं वाईट, आणि रिकामी ठेवणं त्याहून वाईट. तुमच्या गाडीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असेल तर अधूनमधून शंभर टक्के भरावी लागते, कारण त्याशिवाय गाडीला उरलेल्या टक्क्यांचा अंदाज नीट येत नाही. कोणती बॅटरी आहे हे घेतानाच विचारून ठेवा.

६. आवाज नसलेल्या गाडीची जबाबदारी चालवणाऱ्यावर.

आपल्या रस्त्यांवरची माणसं कानाने रस्ता ओलांडतात. मागून काही येत नाही असं कानाला वाटलं की आजोबा बाजूला न बघता पाऊल टाकतात. शाळा सुटताना मुलं तशीच पळत येतात. कुत्री, शेळ्या, रस्त्यात बसलेली गाय, कोणालाच मी येत असल्याचं कळत नाही. त्यामुळे गावातून जाताना वेग कमी ठेवणं आणि लांबूनच एक छोटा हॉर्न देणं हा मी नियम केला आहे. जवळ जाऊन जोरात वाजवला तर माणूस दचकून उलट गाडीपुढेच येतो.

दुसरी गोष्ट पिकअपची. या मोटरचा जोर शून्यापासून पूर्ण मिळतो. कोरड्या रस्त्यावर ते सुखाचं वाटतं, पण पहिल्या पावसात, डंपरनी सांडलेल्या मातीचा चिखल झालेल्या वळणावर, किंवा झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पट्ट्यांवर मागचं चाक घसरू शकतं. पावसाळाभर मी इको मोडमध्येच चालवते.

७. पावसाने गाडी बिघडत नाही, साठलेल्या पाण्याने बिघडू शकते. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी दिसलं की मी वळून दुसऱ्या रस्त्याने जाते. चार्जिंगच्या तोंडात पाणी असताना प्लग लावू नये. कोरड्या फडक्याने पुसावं, थोडं थांबावं, मग लावावा.

८. कोपऱ्यावरचा मेकॅनिक आता पुरत नाही.

आकुर्डीत १९७२ पासून बनलेल्या चेतकने पुण्यातल्या गल्लीगल्लीत मेकॅनिक तयार केले. प्लग साफ करणं, कार्ब्युरेटर खोलणं, तिरकी करून चालू करणं ही विद्या घरोघरी होती. तोच चेतक जानेवारी २०२०मध्ये विजेवर आला, पण ही विद्या तशी गल्लीत पोचलेली नाही. ऑइल बदलायचं नाही, क्लच नाही, गिअर नाही, त्यामुळे बिघाड कमी होतात हे खरं. झाला की मात्र कंपनीच्या केंद्राशिवाय इलाज नसतो. माझा चार्जर एकदा बंद पडला. केंद्रात तो भाग नव्हता, आणि नवा येईपर्यंत मी एसटीने गेले. वॉरंटीत होता, पैसे लागले नाहीत, पण ग्राहकाला रोज कामावर जायचं असतं हे कंपन्यांनी लक्षात घेतलं पाहिजे. म्हणून सांगते, सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे आणि तिथे गाड्यांची रांग किती आहे, हे घेण्याआधी स्वतः जाऊन बघा. तिथे गाडी घेऊन आलेल्या चार लोकांशी बोला. त्यातून जे कळतं ते कुठल्याही जाहिरातीतून कळत नाही.

पंक्चरचंही बघून ठेवावं. मागच्या चाकातच मोटर असेल तर रस्त्यावरचा पंक्चरवाला चाक काढायला धजत नाही. ट्यूबलेस टायरला चाक न काढता बाहेरून पट्टी घालता येते, तो संच मी डिकीत ठेवते.

९. पैशांचा हिशोब.

शंभर किलोमीटरला, चार्जिंगमधली घट धरून, साडेतीन युनिटच्या आसपास लागतात. सगळे आकार धरून युनिट पंधरा रुपये मानलं तरी पन्नास-बावन्न रुपये झाले. पेट्रोलची स्कूटर लिटरला पंचेचाळीस देते असं धरलं तर तेवढ्याच अंतराला सव्वादोन लिटरच्या आसपास, म्हणजे दोनशे तीस रुपयांच्या जवळपास. घरचं बिल महिन्याला चाळीसेक युनिटने वाढतं, आणि त्यामुळे शंभर युनिटची पायरी ओलांडली तर दर एकदम चढतो, हे गृहीत धरा. महाराष्ट्रात विजेवरच्या गाडीला मोटार वाहन कर माफ आहे, पीयूसी लागत नाही, तृतीय पक्ष विम्यात पंधरा टक्के सूट आहे. लायसन्स, विमा आणि हेल्मेट मात्र लागतंच. कमाल वेग ताशी पंचवीस आणि मोटर २५० वॉटपर्यंत असलेल्या गाड्यांनाच लायसन्स आणि नोंदणीतून सूट आहे, आणि त्या घाटाच्या कामाच्या नाहीत.

अनुदानाच्या भरवशावर घाई करू नये. जून २०२३मध्ये केंद्राने ते बॅटरीच्या किलोवॉट-तासाला, म्हणजे युनिटला, पंधरा हजारांवरून दहा हजार केलं, एप्रिल २०२४च्या नव्या योजनेत ते पाच हजारांवर आलं. बॅटरी बदलायची वेळ येईल तेव्हा मोठा खर्च आहे, म्हणून इंधनात वाचलेल्या रकमेतला काही भाग मी दरमहा बाजूला टाकते. माझ्यासारखं लांबचं अंतर रोज जाणाऱ्याला ही गाडी निश्चित परवडते. आठवड्यातून दोनदा मंडईत जाणाऱ्याला पैशांच्या दृष्टीने तिची गरज नाही.

१०. धूर संपत नाही, पण कमी होतो.

मुलांनी विचारलं होतं, "मॅडम, वीज कोळशाचीच ना?" बरोबर आहे. महाराष्ट्राची बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ इथे कोळसा जाळून येते, आणि तो धूर तिथली माणसं सोसतात. हे मी विसरत नाही. तरीही पेट्रोलच्या इंजिनात इंधनातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो आणि विजेच्या मोटरमध्ये ऐंशी टक्क्यांहून जास्त पोचते. शाळेच्या फाटकाशी, मुलांच्या नाकाच्या उंचीवर, माझ्या गाडीचा धूर निघत नाही. गच्चीवरच्या सौर पॅनेलची वीज जसजशी वाढेल तसा उरलेला भागही स्वच्छ होईल.

आमच्या इमारतीत माझ्यानंतर आणखी काही जणांनी अर्ज दिले आणि आता काकांनीच एक नमुना अर्ज छापून ठेवला आहे. पण वाड्यात भाड्याने राहणारे, चाळीत राहणारे, जिना आणि मीटर दोन्ही ज्यांच्या हातात नाहीत असे लोक अजून बाहेरच आहेत, आणि रोज लांब जाणारे जास्त तेच आहेत. तुम्ही सोसायटीच्या समितीवर असाल, घरमालक असाल, किंवा शाळा-कारखान्याच्या व्यवस्थापनात असाल, तर येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत दुचाकी चार्जिंगचा विषय घाला. सबमीटर लावा, युनिटप्रमाणे पैसे घ्या, पण पार्किंगमध्ये सुरक्षित सॉकेट द्या.