आधी गोळीची वेळ विचार

कवळीसाठी कंपवाताच्या पेशंटचा फोन आला की लगेच डायरी उघडू नकोस. आधी विचार, लेव्होडोपाची गोळी किती वाजता घेतात? गोळी पोटात गेल्यावर साधारण तास-दीड तासाने अंग सैल होतं, जबडा सांगितलेलं ऐकतो. तीच आपली वेळ. घरचे म्हणतात, 'अकराला आणतो आजोबांना', आणि गोळी असते साडेअकराची. त्या अकराच्या मापाचा काही उपयोग नाही, मग तुझा हात कितीही सफाईदार असो. त्या दिवशी गोळी दुधाबरोबर देऊ नका, हेही सांग. प्रथिनांमुळे तिचा असर व्हायला उशीर लागतो.

खुर्ची पूर्ण आडवी करायची नाही. या लोकांचं गिळणं मंदावलेलं असतं, लाळ घशाशी साचते आणि ठसका लागतो. अर्धवट बसतं ठेव, 45 अंशांच्या आसपास. काम झाल्यावर घाईने उभं करू नकोस. बसल्याचं उभं राहताना यांचा रक्तदाब एकदम उतरतो. पाय खाली सोडून मिनिटभर बसू दे.

लाळ गळते म्हणजे लाळ जास्त होते असं घरचे समजतात. तसं नसतं, ती गिळली जात नाही एवढंच. काहींना ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या गोळ्यांनी उलट तोंडाला कोरड पडते. वरची कवळी लाळेच्या पातळ थरावर धरून राहते, म्हणून कोरड्या तोंडात ती सुटते आणि हिरडी सोलवटते. औषधांची चिठ्ठी मागून घे, नुसत्या तोंडी सांगण्यावर जाऊ नकोस.

माप घेताना पातळ अल्जिनेट नको. गिळण्याचा त्रास असेल तर घट्ट सिलिकॉन पुटी बरी, ती घशाकडे ओघळत नाही. ट्रेच्या मागच्या कडेला माल कमी भर. पेशंटचं डोकं आपल्या डाव्या हाताच्या कवेत धर. हाताची थरथर आपल्याला नडत नाही, मानेची आणि जबड्याची नडते. चाव नोंदवायचं काम भेटीच्या सुरुवातीलाच उरक, कारण थकल्यावर जबडा भलतीकडे मिटतो. 'चावा' म्हणू नकोस. म्हण, 'जीभ टाळूला मागे लावा आणि हळूच मिटा.' दात सपाट घे, उंच कंगोऱ्यांचे नकोत. जबडा रोज एकाच जागी मिटेल याची खात्री नसते, आणि कंगोरे एकमेकांत अडकले की कवळी उचकटते.

खरी परीक्षा खालच्या कवळीची. वरचीला टाळूचा आधार असतो. खालचीला घोड्याच्या नालेसारखी अरुंद पट्टी मिळते, आणि तीही हिरडीचं हाड झिजलं की नावापुरतीच. आतून जीभ ढकलते, बाहेरून गाल आणि ओठ रेटतात. हे दोन जोर जिथे सारखे होतात, ती जागा शोधायची. पुस्तकात तिला न्यूट्रल झोन म्हणतात. खालच्या प्लेटवर मऊ केलेलं कंपाउंड लाव, पेशंटला ताठ बसव, कोमट पाण्याचे अगदी छोटे घोट दे, 'ई', 'ऊ' म्हणायला लाव, ओठांचा चंबू करायला सांग. जीभ आणि गाल मिळून त्या कंपाउंडला स्वतःच आकार देतात. तो आकार लॅबला पाठव आणि दात त्याच भिंतीत लावून घे. लॅबवाला कुरकुर करेल, दात वाकडे दिसतात म्हणेल. दिसू देत. बरीच वर्षं लेव्होडोपा घेणाऱ्यांची जीभ गोळी चढली की आपोआप वळवळते. हिरडीवर नीट मधोमध लावलेले दात ती जीभ दिवसभर ढकलत राहते.

स्मृतिभ्रंशाच्या पेशंटचं गणित उलटं आहे. मुलगा परदेशातून येतो आणि आईसाठी 'एकदम नवीन, चांगली' कवळी मागतो. जुनी झिजलेली, पिवळी पडलेली असते. पण जिभेला आणि गालांना तीच पाठ असते, आणि नवी शिकण्याची ताकद आता उरलेली नसते. जमेल तर जुनीलाच आतून अस्तर लाव. नाहीच जमलं तर तिचीच नक्कल कर. बाहेरचा आकार तोच, बदल फक्त आतल्या फिटिंगचा आणि झिजलेल्या दातांचा. जुनी फेकू देऊ नकोस. आजार नुकताच कळला असेल तर मात्र मोठं काम आत्ताच काढ, वर्षभराने म्हणू नकोस.

कवळीत नाव घाल. पातळ कागदावर लिहून टाळूच्या मागच्या भागात पारदर्शक ॲक्रिलिकखाली. वृद्धाश्रमात कवळ्यांची अदलाबदल होते, आणि घरी त्या रुमालात गुंडाळून कचऱ्यात जातात. एक-दोन दातांची छोटी काढती कवळी मात्र या पेशंटना कधीच देऊ नकोस. ती गिळली जाते, आणि साधं ॲक्रिलिक एक्स-रेत नीट दिसतही नाही.

चिकटवायच्या क्रीमची ट्यूब वाचून बघ. झिंक असलेलं क्रीम वर्षानुवर्षं भरमसाट लावल्याने रक्तातलं तांबं उतरून नसांचा आजार झाल्याचं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2008 मध्ये नोंदवलं. आधीच मेंदूचा आजार असलेल्या माणसाला आपण त्यात भर कशाला घालायची? झिंक नसलेलं सांग, आणि थोडंसंच.

खाली दोन इम्प्लांट आणि त्यावर कवळी, हा उत्तम मार्ग आहे. 2002 मध्ये मॉन्ट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी तोच पहिला पर्याय मानला. थरथरत्या हाताला चुंबकाची कवळी बसवायला सोपी. पण पुढे एमआरआय लागणार असेल तर न्यूरॉलॉजिस्टला विचार, धातूमुळे चित्र बिघडतं. आणि चार वर्षांनी त्या खुंट्यांभोवती ब्रश कोण फिरवणार, हेही आजच विचार.

म्हणून मी पेशंटइतकाच वेळ सांभाळणाऱ्या माणसाला देते. कवळी घालणं-काढणं सुनेच्या किंवा मावशीच्या हाताने आपल्यासमोर करून घे. बेसिनमध्ये ओला नॅपकिन अंथरून धुवा, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. गरम पाणी नको, ती वाकडी होते. रात्री काढून पाण्यात ठेवायचीच. जपानमध्ये 85 वर्षांवरच्या लोकांवर झालेल्या आणि 2015 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट दिसला.

आणि गिळणंच सुटत चाललं, प्रत्येक घासाला ठसका लागू लागला, तर घरच्यांना स्पष्ट सांग की खाण्यासाठी आता कवळी नको. मऊ भात, कुस्करलेली खिचडी तिच्यावाचून जाते. किती पातळ, किती घट्ट हे गिळण्याच्या थेरपिस्टला ठरवू दे. पाहुणे आले, फोटो काढायचा झाला तर तेवढ्यापुरती वरची घालावी, सोबत कोणी बसलेलं असताना. तरीही ते नवीन करा म्हणतील. नाही म्हण, आणि त्या भेटीची फी घेऊ नकोस.