जुन्या मेजाची झिलई

अलिबाग तालुक्यातील किहीम हे समुद्रकाठचे गाव नारळी-पोफळीच्या वाड्यांनी नटलेले आहे. पावसाळ्यात तेथील हवा इतकी दमट असते की, दारे फुगून चौकटीत घट्ट बसतात. अशा हवेत लाकडी सामानाची झिलईही लवकर निस्तेज होते.

या गावातील एका घराच्या ओटीवर एक सागवानी मेज होते. घरातील आजोबांनी त्या मेजावर अनेक वर्षे वाडीचा जमाखर्च लिहिला होता. आजोबा आता हयात नव्हते. परंतु मेजाच्या एका कोपऱ्यावर त्यांच्या दौतीतील शाईचा ठिपका अजून दिसत असे. एके दिवशी नातवाने त्या मेजावर गरम चहाचा पेला ठेवला. पेला उचलताच तेथे पांढरे वर्तुळ उमटलेले दिसले. झिलई आधीच जागोजागी विटली होती. त्यात ही भर! वडील म्हणाले, "आता हे मेज रंध्याने तासून घेतले पाहिजे." हे ऐकून नातवाचा चेहरा उतरला. रंधा फिरला की आजोबांचा ठिपकाही जाणार, हे त्याने ओळखले.

दसरा झाला, हवा कोरडी झाली, तेव्हा गावातील वृद्ध सुतारास बोलावण्यात आले. नातवाने भीत भीत विचारले, "सुतारकाका, रंधा न मारता हे मेज सुधारेल का?"

सुतार म्हणाले, "बाळ, आधी रोग ओळखावा, मग औषध द्यावे. डाग पांढरा आहे, म्हणजे ओल झिलईतच अडकली आहे. काळा असता, तर ती लाकडापर्यंत पोहोचली असे समजलो असतो."

त्यांनी प्रथम ओलसर फडक्याने मेज पुसून कोरडे केले. मग चुलीतील राख वस्त्रगाळ करून तीत खोबरेल तेलाचे काही थेंब घातले आणि त्या लेपाने डाग लाकडाच्या रेषांच्या दिशेने हळुवार चोळला. थोड्या वेळाने वर्तुळ फिके होत होत दिसेनासे झाले. तेल स्वच्छ पुसून घेण्यात आले.

आता विटलेली झिलई राहिली. सुतारांनी मेजाच्या खालच्या बाजूस, कोणास दिसणार नाही अशा ठिकाणी, स्पिरिटचा एक थेंब लावला. तेथील झिलई चिकट झाली. "ही चपडीची झिलई आहे," ते म्हणाले, "हिला खरवडण्याचे कारण नाही."

चपडी म्हणजे शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपात आणलेली लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे लहान किडे रस शोषून राहतात आणि आपल्या अंगाभोवती राळेसारखे कवच तयार करतात. तीच लाख. तिच्या अभ्यासासाठी १९२४ साली रांचीजवळ नामकूम येथे संशोधन संस्था स्थापन झाली. कोकणातील सावंतवाडीचे लाखकामही प्रसिद्ध आहे. लाखेचा मोठा गुण असा की, वाळलेली लाख स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते. म्हणून नवा थर जुन्या थराशी एकजीव होतो. कारखान्यातील कित्येक कृत्रिम रोगणांत हा गुण नसतो; तेथे हा उपाय चालत नाही.

सुतारांनी आदल्या रात्री स्पिरिटमध्ये भिजविलेली चपडी गाळून घेतली. बारीक काचकागद अगदी हलक्या हाताने फिरवून धूळ पुसली. कापसाचा बोळा मऊ फडक्यात गुंडाळून त्या द्रवात बुडविला व पिळून घेतला. मग मेजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो न थांबता फिरविला. एक पातळ थर वाळला की दुसरा, असे अनेक थर दिले. स्पिरिट चटकन पेट घेते. म्हणून जवळपास दिवा वा चूल नव्हती आणि खिडक्या उघड्या होत्या. नातू दुरूनच पाहत होता.

"हेच काम श्रावणात का केले नाही?" त्याने विचारले.

"स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो. हवा दमट असली की तिच्यातील ओल त्यावर जमते आणि झिलई पांढुरकी पडते," सुतारांनी सांगितले.

सायंकाळी मेज मंद तेजाने झळकू लागले. कोपऱ्यातील शाईचा ठिपका नव्या झिलईखाली तसाच होता. वडिलांनी त्यावरून एकदा बोट फिरविले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून नातू पेल्याखाली न विसरता लाकडी चकती ठेवू लागला.

स्वाध्याय
१. पांढरा डाग व काळा डाग यांत कोणता फरक आहे?
२. मेजाची झिलई चपडीची आहे, हे सुतारांनी कसे ओळखले?
३. 'आधी रोग ओळखावा, मग औषध द्यावे' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.