पतौडी फुटबॉल खेळले तेव्हा समोर कोण होतं?

प्रश्न : माझे आजोबा 1971 साली मुंबईत गिरणीत होते. त्या वर्षी बांगलादेशाचा फुटबॉल संघ मुंबईत येऊन खेळला आणि त्याच्याविरुद्ध आपल्याकडून पतौडी उतरले होते, असं ते सांगायचे. आमच्या घरात ही थापच समजली जाते, कारण एक तर पतौडी क्रिकेटवाले आणि दुसरं म्हणजे बांगलादेश झाला डिसेंबरात. खरं काय? त्या संघातलं पुढे कुणी नावारूपाला आलं का?
— एक वाचक, कोलाड

उत्तर : आजोबांची बाजू घ्यायला हवी. देश डिसेंबरात झाला, पण त्याचा फुटबॉल संघ त्याआधीच मैदानात होता. त्याचं नाव ‘स्वाधीन बांग्ला फुटबॉल दल’. मार्चमध्ये ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केल्यावर जे खेळाडू सीमा ओलांडून भारतात आले, त्यांना कोलकात्यात गोळा व्हायचं आवाहन स्वाधीन बांग्ला बेतार केंद्रावरून, म्हणजे मुक्तिलढ्याच्या रेडिओवरून झालं. कर्णधार झाले झकारिया पिंटू. ते ढाक्याच्या मोहामेडनचे बचावपटू आणि पाकिस्तानच्या संघातूनही खेळलेले. उपकर्णधार प्रताप शंकर हाजरा. सामने खेळायचे, तिकिटांचे आणि देणग्यांचे पैसे मुक्तियुद्धाच्या निधीत टाकायचे आणि जमलेल्या लोकांना बांगलादेश हे नाव ऐकवायचं, असा सरळ बेत होता.

पहिला सामना 25 जुलै 1971 ला नदिया जिल्ह्यातल्या कृष्णनगरला झाला, आणि तो सुरू होण्याआधीच अडला. खेळाडू म्हणाले, आमचा झेंडा लागला पाहिजे आणि राष्ट्रगीत वाजलं पाहिजे, नाहीतर खेळणार नाही. भारताने बांगलादेशाला मान्यता दिली 6 डिसेंबरला. जुलैत सरकारी मैदानावर न मानलेल्या देशाचा झेंडा फडकवायचा कसा? बाहेर हजारो लोक ताटकळलेले. शेवटी जिल्हाधिकाऱ्यांनी हो म्हटलं. खेळाडूंनी झेंडा घेऊन मैदानाला फेरी मारली, मग सामना झाला आणि 2-2 असा सुटला. या झेंड्यापायी जिल्हाधिकाऱ्यांना निलंबन सोसावं लागलं आणि नदियाच्या क्रीडा संघटनेची संलग्नता स्थगित झाली. झेंड्याची ही हकिगत सांगताना खेळाडूंचंच कौतुक होतं. मला त्या अधिकाऱ्याचंही करावंसं वाटतं. खेळाडूंकडे गमावण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, अधिकाऱ्याकडे नोकरी होती.

यानंतर यजमान शहाणे झाले. फिफाच्या नियमाप्रमाणे संलग्न क्लबाला असंलग्न संघाशी खेळता येत नाही. म्हणून ऑगस्टात कोलकात्यात मोहन बागानचा संघ उतरला तो ‘गोष्ठ पाल एकादश’ या नावाने. गोष्ठ पाल म्हणजे एकेकाळचे मोहन बागानचे बचावपटू, पद्मश्री मिळालेले पहिले फुटबॉलपटू. त्यांच्या नावाला हरकत कोण घेणार?

आता पतौडी. मुंबईतल्या सामन्यात महाराष्ट्राच्या संघाचं नेतृत्व मन्सूर अली खान पतौडी यांनी केलं, हे त्या संघातल्या खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. वर्ष लक्षात घ्या. जानेवारीत पतौडींचं कर्णधारपद जाऊन ते अजित वाडेकरांकडे आलं होतं. वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडिजला आणि ऑगस्टात ओव्हलवर इंग्लंडला हरवलं. पतौडी या दोन्ही दौऱ्यांवर नव्हते. मार्चमध्ये गुडगावातून लोकसभेला उभे राहून पडलेही होते. मुंबईचं सगळं लक्ष वाडेकरांकडे असताना हा माणूस परक्या निर्वासितांच्या मदतीसाठी फुटबॉलचे बूट चढवून उतरला. पत्नी शर्मिला टागोर बंगाली, हे एक कारण असणार. शिवाय एका डोळ्याने टेस्ट क्रिकेट खेळलेल्या माणसाला फुटबॉलचं काय अवघड! सिनेमावाल्यांनीही हात आखडता घेतला नाही. दिलीपकुमार यांनी दिलेल्या देणगीची आठवण बांगलादेशात आजही निघते.

नावारूपाला आलं कुणी, याचं उत्तर शोधायला संघाच्या यादीत एका खोट्या नावापाशी थांबावं लागतं : तूर्य हाजरा. गावच्या कबड्डी स्पर्धेत बाहेरचा खेळाडू भलत्याच नावावर उतरवतात, ही गोष्ट रायगडकरांना नवी नाही. इथे कारण वेगळं होतं. मुलगा अठराच्या आतबाहेरचा, आगरतळ्यामार्गे आलेला, आईवडील मागे ढाक्यात. खरं नाव छापून आलं असतं तर लष्कर घराच्या दारात उभं राहिलं असतं. त्याचं खरं नाव काझी सलाहुद्दीन.

संघ 16 सामने खेळला, आणि अधिकृत नोंदीत त्यातला एकही नाही. बांगलादेशाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना म्हणून नोंद आहे ती 26 जुलै 1973 ची, क्वालालंपूरच्या मर्डेका स्पर्धेतली, थायलंडविरुद्ध 2-2. कर्णधार पुन्हा पिंटूच. पहिला गोल एनायतुर रहमान यांचा, दुसरा सलाहुद्दीन यांचा, आता खऱ्या नावाने. माझ्या मते सलाहुद्दीन यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोलाचे सामने आकडेवारीत नसलेलेच आहेत. आकडे जमवणाऱ्यांना हे पटणार नाही.

पुढचं आयुष्य मात्र सरळ रेषेत गेलं नाही. 1972 साली बांगलादेशाचे नेते शेख मुजीब यांचा मुलगा शेख कमाल याने आबाहनी क्लब काढला, आणि सलाहुद्दीन त्याचे सर्वांत लाडके खेळाडू झाले. लांब केस, उंच शेलाटी अंगलट आणि गोलसमोर अजिबात न गडबडणारा पाय. ढाक्यातल्या पोरांना एवढं पुरे होतं. 15 ऑगस्ट 1975 ला मुजीब यांची जवळपास सगळ्या कुटुंबासह हत्या झाली, त्यात कमालही गेला. राष्ट्रीय संघ त्या वेळी मलेशियात खेळत होता. ज्याने क्लब उभा केला तो मित्र मारला गेल्याची बातमी परदेशातल्या मुक्कामी कळणं कसं असेल, कल्पना करा. त्याच सुमारास सलाहुद्दीन हाँगकाँगच्या कॅरोलिन हिल क्लबाकडून खेळायला गेले. परदेशात व्यावसायिक फुटबॉल खेळणारे ते पहिले बांगलादेशी.

ते परतले, आबाहनीसाठी खेळत राहिले आणि 1982 च्या सप्टेंबरात तुरुंगात गेले. आबाहनी आणि मोहामेडन यांच्या सामन्यात पंचाच्या निर्णयावरून दंगल झाली. देशात लष्करशहा इर्शाद यांचा लष्करी कायदा होता. आबाहनीच्या चौघा खेळाडूंना पकडून शिक्षा ठोठावली : सलाहुद्दीन, अशरफुद्दीन चुन्नू, गोलाम रब्बानी हेलाल आणि काझी अन्वर. ज्याने देशासाठी नाव बदललं त्याला देशाने खऱ्या नावाने आत टाकलं. लोकांचा संताप एवढा उसळला की काही दिवसांतच त्यांना सोडावं लागलं. 1984 मध्ये सलाहुद्दीन यांनी बूट काढले.

आणि मग 2008 मध्ये ते बांगलादेश फुटबॉल फेडरेशनचे अध्यक्ष झाले, ते थेट 2024 पर्यंत. सुरुवात झोकात झाली. 2011 च्या सप्टेंबरात मेस्सीचा अर्जेंटिना ढाक्यात नायजेरियाविरुद्ध खेळून गेला. पण 2016 मध्ये भूतानकडून 3-1 असा पराभव झाला, आणि 2018 मध्ये फिफाच्या यादीत देश 197 वर घसरला. पेपरांनी त्यांना सोलून काढलं. मुलींच्या संघाने 2022 मध्ये दक्षिण आशियाई विजेतेपद मिळवलं, ही त्या काळातली खरी कमाई. खेळाडू म्हणून केलेल्या पुण्याईवर माणसाने सोळा वर्षं खुर्ची सांभाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडच्या क्रीडा संघटनांची उदाहरणं तुम्हालाही आठवत असतील. पिंटू त्या भानगडीपासून दूर होते. 18 नोव्हेंबर 2024 ला ते गेले.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न हाच असणार, म्हणून सांगतो : बांगलादेशाचा संघ आज वाईट नाही. लेस्टर सिटीतून पुढे आलेला हमझा चौधरी 2025 च्या मार्चमध्ये शिलाँगला भारताविरुद्ध पहिल्यांदा बांगलादेशासाठी खेळला आणि तो सामना गोलशून्य सुटला. नोव्हेंबरात ढाक्यात त्यांनी आपल्याला 1-0 असं हरवलं. गोल शेख मोरसालिनचा, अकराव्या मिनिटाला.