उरलेला आमरस आणि शिदोरी

(शास्त्रभाग : १ शमुवेल ३०:११–१५, योहान ६:१२–१३)

दाविदाच्या लोकांस रानात एक मिसरी तरुण पडलेला आढळला. तो आजारी पडताच त्याच्या धन्याने त्यास टाकून दिले होते, आणि तीन दिवस त्याच्या पोटात अन्नपाणी गेले नव्हते. त्यांनी त्यास भाकर, पाणी, अंजिरांच्या ढेपेचा तुकडा व मनुकांचे दोन घोस दिले, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. ती फळे कोणीतरी पूर्वी वाळवून ठेविली होती, म्हणूनच रानात हाताशी होती.

परळी वैजनाथच्या परिसरातील आपल्या भगिनींनी ह्याचा विचार करावा. आंब्याच्या दिवसांत उरलेला रस संध्याकाळपर्यंत आंबतो व उकिरड्यावर जातो. कोकणात त्याची पोळी, म्हणजे साठे, करितात. आपल्याकडील वैशाखाचे ऊन तर अधिक कोरडे आहे.

पानात वाढलेला उष्टा रस घेऊ नये. पातेल्यातील स्वच्छ रस गाळून, आंबट असल्यास थोडी साखर घालून, मंद आचेवर आटवावा. तुपाचा हात फिरविलेल्या स्टीलच्या ताटात पातळ पसरावा. बिनकल्हईचे तांब्यापितळेचे भांडे नको. आंबट रसाने ते कळकते. वर मलमल बांधावी. औष्णिक वीज केंद्राची राख जेथे वाऱ्याने येते, तेथे एवढ्यावर विसंबू नये. काचेखाली वाळवावे, परंतु हवा खेळती ठेवावी. सायंकाळी ताट घरात घ्यावे. बोटास चिकटेनाशी झाली व न मोडता वाकली, म्हणजे पोळी वाळली. ओल उरली नाही की नासविणारे जंतू वाढत नाहीत. सारे रहस्य एवढेच.

सीताफळाचे मात्र असे करू नये. बालाघाटच्या डोंगरातील आपल्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु त्याचा गर तापविला की कडवट होतो. तो ताजाच वाटून खावा हे बरे.

पाच हजार लोक जेवून तृप्त झाल्यावरही प्रभूने उरलेले तुकडे गोळा करविले, आणि बारा टोपल्या भरल्या. त्या टोपल्या पुढे कोणाकडे गेल्या हे योहान सांगत नाही. आपली बरणी कोणाकडे जावी हे मात्र आपणांस ठाऊक आहे. दिवाळीच्या सुमारास ह्या जिल्ह्यातून पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीस निघतात व लेकरेही बरोबर जातात. श्रावणात बरणी उघडून पाहावी. पोळी मऊ झाली असल्यास पुन्हा उन्ह दाखवावे, बुरशी आली असल्यास सगळी टाकावी, खरवडून खाऊ नये. उरलेली चांगली पोळी गुंडाळून त्या लेकरांच्या गाठोड्यात द्यावी.