स्नायूबलासाठी क्रिएटिन : निवड कोणत्या कसोटीवर?

व्यायामाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. गावोगावच्या तालमींत जोर-बैठका, मल्लखांब आणि कुस्ती यांच्या जोडीला दूध, तूप, बदाम यांचा खुराक पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. पुढे तालमीशेजारी आधुनिक व्यायामशाळा उभ्या राहिल्या आणि खुराकाच्या जोडीला रंगीबेरंगी डबे आले. पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण, स्पर्धेत उतरणारा खेळाडू किंवा केवळ शरीर कमावण्याची हौस असणारा कामगार या डब्यांवर कष्टाचा पैसा खर्च करताना दिसतो. त्यांतील क्रिएटिन या पदार्थाला विशेष मागणी आहे. तो घ्यावा की न घ्यावा, आणि घेतल्यास कोणता, हा प्रश्न अनेकदा गावातील शिक्षकांसमोर व पंचायत सदस्यांसमोर येतो. त्याचे निश्चित उत्तर देता यावे, यासाठी या पदार्थाची शास्त्रशुद्ध माहिती असणे अगत्याचे आहे.

क्रिएटिन म्हणजे काय?

मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ साली मांसाच्या अर्कातून क्रिएटिन प्रथम वेगळे केले. मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. मनुष्याचे शरीरही हा पदार्थ स्वतः तयार करते. मूत्रपिंड व यकृत यांत तीन अमिनो आम्लांपासून तो बनतो आणि त्याचा सुमारे ९५ टक्के साठा स्नायूंत राहतो. ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात हा साठा साधारणतः १२० ते १४० ग्रॅम असतो. त्यापैकी सुमारे दोन ग्रॅम दररोज क्रिएटिनिनच्या रूपाने लघवीवाटे बाहेर पडतात. ही तूट शरीर व आहार मिळून भरून काढतात.

या पदार्थाचे कार्य उलगडण्यात एका भारतीय शास्त्रज्ञाचा मोलाचा वाटा आहे. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्ड येथे सायरस फिस्के यांच्यासमवेत संशोधन करून १९२७ साली फॉस्फोक्रिएटिनचा शोध जाहीर केला. स्नायू आकुंचन पावतात ते एटीपी या रेणूतील ऊर्जेवर. पूर्ण जोर लावताच एटीपीचा साठा काही क्षणांत संपू लागतो. त्या वेळी फॉस्फोक्रिएटिन आपल्याजवळील फॉस्फेट देऊन तो पुन्हा भरते. मात्र ही शिल्लक सुमारे दहा सेकंदच पुरते. जड वजन उचलणे, गोळा फेकणे, अल्प अंतर वारंवार वेगाने धावणे अशा कामांत क्रिएटिनचा उपयोग होतो आणि दीर्घ पल्ल्याच्या धावण्यात फारसा होत नाही, याचे कारण हेच.

उपयोगाची मर्यादा

महाराष्ट्रातील पोलीस शिपाई भरतीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. पुरुष उमेदवारांच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांचा समावेश असतो. गोळाफेक व वेगवान धाव यांच्या सरावात क्रिएटिनचे साहाय्य होऊ शकते. १६०० मीटर धावण्यात मात्र त्यापासून लाभाची अपेक्षा ठेवता येत नाही. उलट, क्रिएटिनमुळे स्नायूंत पाणी साठते आणि आरंभी एक-दोन किलो वजन वाढू शकते. हा भार धावणाऱ्यास जाचक ठरण्याचा संभव असतो. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारी ही वाढ म्हणजे नवे स्नायू नव्हेत. स्नायू वाढतात ते नियमित व्यायाम, पुरेशी प्रथिने व विश्रांती यांमुळे. क्रिएटिनमुळे व्यायामात दोन आवर्तने अधिक निघतात इतकेच.

आहाराचा विचारही येथे महत्त्वाचा आहे. एक किलो कच्च्या मांसात किंवा मासळीत सुमारे ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन असते. दूध व बदाम यांच्या पारंपरिक खुराकातून प्रथिने व उष्मांक भरपूर मिळतात, परंतु क्रिएटिन नाममात्र मिळते. त्यामुळे शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंतील साठा कमी असतो आणि पूरक क्रिएटिनचा परिणाम त्यांच्यात अधिक दिसतो. बाजारातील क्रिएटिन रासायनिक प्रक्रियेने तयार केलेले असते, मांसापासून काढलेले नसते. तथापि, कॅप्सूलचे आवरण प्राणिजन्य असू शकते, म्हणून आवरणावरील शाकाहाराची हिरवी खूण पाहून घ्यावी.

निवडीच्या कसोट्या

१. प्रकार : साधे क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्यावे. बहुतेक संशोधन याच प्रकारावर झालेले आहे. हायड्रोक्लोराइड, इथाइल एस्टर, बफर केलेले इत्यादी महागडे प्रकार त्याहून अधिक गुणकारी असल्याचे सिद्ध झालेले नाही. इथाइल एस्टर तर शरीरात बऱ्याच अंशी निरुपयोगी क्रिएटिनिनमध्ये रूपांतरित होते.

२. घटक : डब्यात क्रिएटिनखेरीज अन्य काही नसावे. अनेक द्रव्यांच्या मिश्रणात क्रिएटिन नेमके किती, हे कित्येकदा लिहिलेले नसते, आणि कॅफिनसारखे उत्तेजक घटक मिसळलेले असतात.

३. स्वरूप : कोरडी पूड घ्यावी. पाण्यात विरघळलेले क्रिएटिन हळूहळू क्रिएटिनिन बनते, म्हणून तयार द्रवरूप क्रिएटिन घेऊ नये व कालवलेली पूड साठवून ठेवू नये.

४. नोंदी : भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची व वापराची अंतिम तारीख आणि औषधी वापरासाठी नसल्याची सूचना आवरणावर असावी. परवाना क्रमांक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. पक्की पावती घेण्यास विसरू नये.

५. किंमत : डब्याच्या किमतीस त्यातील क्रिएटिनच्या ग्रॅमने भागावे आणि मगच तुलना करावी. दररोज ३ ग्रॅम या प्रमाणात २५० ग्रॅमचा डबा ८३ दिवस पुरतो. हा हिशेब मांडल्यास आकर्षक आवरणासाठी किती पैसे मोजले जातात, ते सहज उमगते.

शुद्धतेचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. २००० व २००१ या वर्षांत जर्मनीतील कोलोन येथील प्रयोगशाळेने १३ देशांतून मिळवलेल्या ६३४ पूरक आहारांची तपासणी केली. त्यांपैकी ९४ नमुन्यांत, म्हणजे जवळजवळ १५ टक्क्यांत, आवरणावर उल्लेख नसलेली स्टेरॉइड वर्गातील द्रव्ये आढळली. क्रिएटिन हे जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या निषिद्ध यादीत नाही. परंतु डब्यात निषिद्ध द्रव्याची भेसळ निघाल्यास जबाबदारी खेळाडूवरच येते आणि वर्षानुवर्षांची मेहनत वाया जाते. म्हणून स्पर्धेतील खेळाडूने प्रत्येक बॅचची स्वतंत्र प्रयोगशाळेकडून तपासणी झालेलेच उत्पादन निवडावे.

प्रमाण व सावधगिरी

दररोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन पुरेसे आहे. आरंभी पाच-सात दिवस रोज २० ग्रॅम घेण्याची पद्धत प्रचलित आहे. तथापि, रोज ३ ग्रॅम घेतल्यास सुमारे २८ दिवसांत स्नायूंतील साठा तेवढ्याच पातळीस पोहोचतो, असे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळून आले. मोठ्या मात्रेने काहींचे पोट बिघडते. सबब सावकाशीचा मार्ग सोयीचा व स्वस्तही.

निरोगी प्रौढांमध्ये योग्य प्रमाणातील क्रिएटिनमुळे मूत्रपिंडास अपाय झाल्याचे अभ्यासांत दिसून आलेले नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ते घेऊ नये. गर्भवती स्त्रिया व अठरा वर्षांखालील मुले यांनाही हाच नियम लावावा. आणखी एक बाब ध्यानात ठेवणे इष्ट आहे : क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तातील क्रिएटिनिनचे प्रमाण किंचित वाढलेले दिसू शकते. चाचणी करणाऱ्या डॉक्टरांना ही माहिती आधी न दिल्यास मूत्रपिंड बिघडल्याचा गैरसमज होऊन घरात अकारण घबराट पसरते. याउलट, खराखुरा विकार पावडरचा परिणाम समजून दुर्लक्षिला जाणे हे त्याहून घातक होय.

शाळेतील विद्यार्थ्याने याविषयी विचारल्यास त्याला डब्याचे नाव न सांगता डाळ-भाकरी, उसळी, अंडी, दूध आणि पुरेशी झोप यांचे महत्त्व पटवून देणे हे शिक्षकांचे कर्तव्य ठरते. पंचायतीच्या व्यायामशाळेत निवडीच्या कसोट्या ठळक अक्षरांत फलकावर लावता येतील. प्रशिक्षकच विक्रेता होत असेल, तर त्यावर सदस्यांनी लक्ष ठेवावे. संशयास्पद मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. ग्राहकांसाठी १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही उपलब्ध आहे.

क्रिएटिन हे उपयुक्त परंतु साधे द्रव्य आहे, आणि साधेपणातच त्याची योग्य निवड आहे. ज्या घरात महिन्याचा किराणा हिशेबाने भरावा लागतो, तेथे या डब्याचा क्रम ताटातील अन्नानंतरच लागला पाहिजे. ताट पुरे भरल्यावर पैसे उरले, तर साधी पूड घ्यावी. न उरल्यास तिच्यावाचून कोणाचे शरीर कमवायचे राहत नाही.