डोक्याला मार, मनावर घाव: अपंगत्व पेन्शनचे टक्के ठरतात कसे?

पाय गेला तर बोर्डाला दिसतो. डोक्याला मार लागून आकडी येऊ लागली, झोप उडाली, ओळखीची नावं आठवेनाशी झाली, तर ते कागदावर असावं लागतं. कागदावर नसेल तर बोर्डाच्या लेखी ते घडलेलंच नाही. म्हणून माजी सैनिकहो, सुरुवात कागदापासून.

नोकरी सुटताना तुमचा मेडिकल बोर्ड होतो: मुदत पूर्ण झाली तर रिलीज बोर्ड, आजारपणामुळे घरी पाठवलं तर इनव्हॅलिडिंग बोर्ड. बोर्डाचा फॉर्म म्हणजे एएफएमएसएफ-16. त्याची प्रत तुमच्याकडे नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज करा. 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर, झेरॉक्सला पानामागे 2 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांनी बेळगावला लिहावं, तोफखान्याच्या जवानांनी नाशिक रोडला, नौदलाच्या खलाशांनी मानखुर्दच्या चीता कॅम्पला. सोबत दुखापतीचा अहवाल (आयएएफवाय-2006), कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे कागद आणि मानसिक आजार असेल तर कमांडिंग ऑफिसरने भरलेला एएफएमएसएफ-10 हेही मागा. हा शेवटचा कागद मागायचा बरेच जण विसरतात.

हातात आल्यावर दोन गोष्टी बघा. पहिली, आजार सेवेमुळे झाला (एट्रिब्युटेबल) किंवा सेवेमुळे वाढला (अ‍ॅग्रव्हेटेड) असं लिहिलंय का. दोन्हींपुढे ‘नाही’ असेल तर पेन्शन तिथेच अडते. दुसरी, टक्के. मुदत पूर्ण करून आलेल्याला किमान 20 लागतात. डोक्याची जखम, आकडी आणि नैराश्य यांचे टक्के वेगवेगळे लिहून शेवटी एकत्र आकडा देतात. ती सरळ बेरीज नसते. 30 आणि 20 मिळून 50 होतीलच असं धरून चालू नका.

हिशेब असा. 100 टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. पगार 40,000 आणि अपंगत्व 30 टक्के असेल तर महिना 3,600. पण 50 पेक्षा कमी टक्के 50 धरायचे, 50 ते 75 असतील तर 75, आणि त्यावर 100, अशी ब्रॉड बँडिंगची सोय आहे. ती लागली की तेच 6,000 होतात. मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही ही सोय सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात 10 डिसेंबर 2014 रोजी मान्य केली. तुमच्या पीपीओवर 50 आहेत की 30, हे आजच बघा. लढाईतली जखम असेल तर मुदत पूर्ण केलेल्याला 30 च्या जागी 60 टक्के दर लागतो. 21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम आहेत. मुदत पूर्ण करून आलेल्यांना मिळणाऱ्या रकमेला आता ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ म्हणतात. मित्राच्या जुन्या पीपीओवरून स्वतःचा हिशेब मांडू नका.

फेरतपासणी मागता येते. तुम्ही रत्नागिरीकडचे असाल तर तिथे लष्करी रुग्णालय नाही. बोलावणं आलं तर पुण्याचं कमांड हॉस्पिटल किंवा कुलाब्याचं अश्विनी धरून चाला. तपासणीला फी नाही. खर्च होतो तो प्रवास, मुक्काम आणि सोबतच्या माणसाचा. तो वाचवायला एकटे जाऊ नका. डॉक्टर विचारतात, ‘कसं आहे?’ आणि वीस वर्षांच्या सवयीने तोंडातून निघतं, ‘ठीक आहे, सर.’ तेच लिहिलं जातं. बायकोला सोबत न्या आणि तिने ठेवलेली वहीसुद्धा. साधी दोनशेपानी वही पुरते. तारीख, वेळ, काय झालं: रात्री दोनला उठून दार चार वेळा तपासलं. गणपतीत फटाका वाजला आणि पडवीत आडवे झाले. गॅस चालू ठेवून बाजारात गेले. आकडी, तीन मिनिटं. सहा महिन्यांच्या अशा नोंदी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकमेकींशी जुळल्या की तुमच्या म्हणण्याला वजन येतं.

औषधोपचार ईसीएचएसमधून घ्या. आधी पॉलिक्लिनिकचं रेफरल, मग यादीतलं रुग्णालय. एमआरआय परस्पर बाहेर काढलात तर बिल तुमच्या अंगावर पडू शकतं. तातडीने दाखल व्हावं लागलं तर 48 तासांत पॉलिक्लिनिकला कळवा.

एक गल्लत फार होते. जिल्हा शासकीय रुग्णालयातून मिळणारं यूडीआयडी कार्ड वेगळं. ते मोफत आहे, 40 टक्क्यांपासून सरकारी सवलतींना चालतं, मानसिक आजार तिथे ‘आयडियाज’ मापाने मोजतात. जरूर काढा. पण त्यावरचे टक्के लष्करी पेन्शनला आपोआप लागू होत नाहीत.

दावा नाकारला तर पत्राच्या तारखेपासून 6 महिन्यांत पहिलं अपील, मग दुसरं, मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. भरतीवेळी तुम्ही निरोगी होता अशी नोंद असेल तर आजार सेवेतला नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची, असं धरमवीर सिंग निकाल (2013) सांगतो. अपिलात त्याचा उल्लेख करा. उशीर महाग पडतो: तरसेम सिंग निकालापासून (2008) न्यायाधिकरण सहसा अर्जाआधीच्या 3 वर्षांचीच थकबाकी देत आलं आहे.

आता खिशाला लागणारी कात्री. ‘थकबाकीतले इतके टक्के द्या, काम करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अर्ज, अपील, स्पर्श पोर्टलवरची दुरुस्ती यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते, पैसे लागत नाहीत. वकील हवा असेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्यातच आहे. स्पर्शचा पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही देऊ नका. मूळ डिस्चार्ज बुक कुणाच्या हाती सोपवू नका, झेरॉक्स द्या.

नकाराचं पत्र कपाटात पडून असेल तर काढा आणि तारीख बघा. सहा महिने झाले नसतील तर उद्याच सैनिक कल्याण कार्यालय गाठा. झाले असतील तरीही जा, आणि उशिराचं कारण लेखी घेऊन जा.